बेंजोवर कोण होता?

होळी उलटली की बोईसर स्टेशनपासून पश्चिमेला समुद्रापर्यंतच्या गावांत हळदीचे मांडव पडू लागतात. नवापूर, उच्छेळी, दांडी, आलेवाडी, मुरबे, पुढे सातपाटी. किनाऱ्यावरच्या या गावांत हळदीची रात्र लग्नाइतकीच, काही घरांत लग्नाहूनही मोठी. टेम्पोवर स्पीकर चढतात, जनरेटर धडधडू लागतो, ढोलकी, ताशा आणि ऑक्टोपॅड एकमेकांशी जुळतात आणि मग बेंजो सुरू होतो. त्यानंतर अंगणात पाय ठेवायला जागा उरत नाही.

दुसऱ्या दिवशी गावाला सगळे आठवते. पार्टी कुठली होती, सुपारी कितीची होती, कोणत्या गाण्याला नवरदेवाची आजी उठून नाचली. बेंजोवर कोण होता, हे मात्र सांगणारा सहजी सापडत नाही. टेम्पोच्या फलकावर पार्टीचे नाव असते, मालकाचे असते, मोबाइल नंबर असतो. वाजवणाऱ्याचे नसते. तो वीस-वीस वर्षे त्याच पट्ट्यात वाजवत असतो, एका घरातल्या दोन पिढ्यांच्या हळदी त्याने वाजवलेल्या असतात, तरी त्याची ओळख ‘बेंजोवाला’ एवढीच राहते. ही विसरभोळेपणाची साधी गोष्ट नाही. तिची किंमत त्या माणसाला म्हातारपणी रोख मोजावी लागते.

किती मोजावी लागते, हे कळण्यासाठी जरा लांब जावे लागेल.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात नार्विन किम्बॉल नावाचा एक पोस्टमन होता. त्याने 37 वर्षे टपाल खात्यात नोकरी केली. हाच माणूस डाव्या हाताने टेनर बँजो वाजवी आणि जॅझच्या जाणकारांत त्याचे नाव आदराने घेतले जाई. जन्म 1909 चा. वडील हेन्री किम्बॉल बास वाजवत. पोरगा विशीत येण्याआधीच मिसिसिपी नदीवरच्या प्रवासी आगबोटींवर फेट मरेबलच्या बँडमध्ये बसू लागला. 1928 मध्ये पापा सेलेस्टिनच्या बँडबरोबर त्याचे वादन ध्वनिमुद्रित झाले. पुढे मंदी आली, बँजोची फॅशन गेली, त्याने बास हातात घेतला, पोटासाठी टपालाची पिशवी खांद्याला लावली. वाजवणे मात्र सोडले नाही. 1961 मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये प्रिझर्वेशन हॉल उघडला, जुन्या वादकांना हक्काची जागा मिळाली आणि किम्बॉल पुन्हा बँजो घेऊन पुढे बसला. कतरिना वादळानंतर त्याला शहर सोडावे लागले. 2006 च्या मार्चमध्ये तो चार्ल्सटनला वारला तेव्हा 97 वर्षांचा होता.

एका पोस्टमनच्या आयुष्याचा एवढा तपशील पालघरमध्ये बसलेल्या वाचकापर्यंत पोहोचू शकतो. कारण कुणीतरी तो वेळेवर लिहून ठेवला. या लेखाचा सगळा भर या एका गोष्टीवर आहे.

आधी वाद्यांचा घोळ मिटवू. किम्बॉलचा टेनर बँजो आणि नवापूरच्या हळदीतला बेंजो ही दोन वेगळी वाद्ये आहेत. टेनर बँजोला डफासारखे गोल, कातडे ताणलेले तोंड असते, त्यावर घोडी, आखूड मान आणि चार तारा. तारा व्हायोलिनच्या कुळातल्या व्हिओलाप्रमाणे पंचमाच्या अंतराने लावतात. या वाद्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. गुलाम म्हणून अमेरिकेकडे नेलेल्या लोकांनी भोपळ्याच्या तंतुवाद्यांची आठवण सोबत नेली आणि तिथे नव्याने वाद्ये घडवली. जव्हारकडे आदिवासींचे तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्यही भोपळ्याचे करतात, तेव्हा भोपळ्यातून सूर काढण्याची कला पालघर जिल्ह्याला परकी नाही.

आपला बेंजो जपानहून आला. 1912 मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तैशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. टाइपरायटरसारखी बटणे दाबायची, ती तारेवर टेकतात, दुसऱ्या हाताने नखीने तारा छेडायच्या. भारतात त्याला बुलबुल तरंग म्हणू लागले आणि बोलीत ते बेंजो झाले. पुढे त्याला विजेचा पिकअप लागला, आवाज ॲम्प्लिफायरमधून जाऊ लागला आणि दिवाणखान्यातले नाजूक वाद्य वरातीत उतरले.

घराणी वेगळी असली तरी दोघांना काम मात्र एकच मिळाले. गर्दीत, उघड्यावर, नाचणाऱ्या पायांसाठी वाजायचे आणि सगळ्या गोंगाटातून ऐकू यायचे.

जॅझच्या पहिल्या काळात टेनर बँजोला मान होता तो याचसाठी. 1925 च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला. त्याआधी वादक एका भल्यामोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहून वाजवत आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरी. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनच्या पुढे गिटार त्या कर्ण्यात शिरतच नसे. बँजोचा कडक, टणत्कारी ठोका शिरे. म्हणून मात्रेमात्रेला स्वरसंघ तोडत ताल धरून ठेवण्याचे काम त्याच्याकडे आले. तो ठोका लगेच विझतो, लांबत नाही, हाच त्याचा गुण. नाचणाऱ्याला पाऊल कुठे टाकायचे ते नेमके कळते. लुई आर्मस्ट्राँगने 1925 मध्ये आपल्या हॉट फाइव्ह बँडची ध्वनिमुद्रणे सुरू केली तेव्हा बँजोवर जॉनी सेंट सिर होता. पुढच्याच वर्षी जेली रोल मॉर्टनच्या बँडमध्येही तोच होता.

मग मायक्रोफोन आला, गिटारचा मऊ आवाजही टिपला जाऊ लागला, लोकांच्या कानांना लांबणारा, तरंगणारा ताल आवडू लागला. पाच-सहा वर्षांत बँजो मागे पडला. ज्या माणसांनी आयुष्य त्यावर लावले होते, त्यांचे काय झाले? सेंट सिर न्यू ऑर्लिन्सला परतला आणि गिलाव्याची कामे करू लागला. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधल्या फ्रेड गायने बँजो खाली ठेवून गिटार उचलली आणि 1949 पर्यंत त्याच खुर्चीवर बसून ताल धरला. जवळजवळ चोवीस वर्षे जगातल्या एका थोर बँडचा ताल सांभाळूनही त्याच्या वाट्याला एकल वादन फारसे आले नाही. हॅरी रेसर हा टेनर बँजोवरचा सर्वांत चपळ हात. 1920 च्या दशकात रेडिओमुळे घरोघरी पोहोचलेला. 1965 मध्ये ब्रॉडवेच्या एका नाट्यगृहात, वादकांच्या खड्ड्यात, संगीतिकेच्या तयारीत बसलेला असताना हृदयविकाराने गेला. शेवटपर्यंत वाजवत राहिला, पण पडद्याखाली, अंधारात.

सगळ्यांत जिव्हारी लागते ती एल्मर स्नोडेनची गोष्ट. 1923 मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या ‘वॉशिंग्टोनियन्स’ या बँडचा प्रमुख हा बँजोवादक होता. पैशांवरून वाद झाला, तो बाहेर पडला, बँडची सूत्रे पियानोवर बसणाऱ्या तरुणाकडे गेली. तो तरुण ड्यूक एलिंग्टन. पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे. स्नोडेनचा ठाऊक नव्हता. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तो फिलाडेल्फियात गाड्यांच्या तळावर काम करत होता. ख्रिस अल्बर्टसन या तरुण रेडिओ निवेदकाने त्याला शोधून काढले, बोलते केले, त्याच्या आठवणी टिपून घेतल्या. 1960 मध्ये ‘हार्लेम बँजो’ ही त्याची तबकडी निघाली. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस काय तडफेने वाजवतो, ते ती तबकडी आजही सांगते. अल्बर्टसन भेटला नसता तर स्नोडेन गाड्यांच्या तळावरच संपला असता आणि एलिंग्टनच्या चरित्रात त्याचे नाव तळटीपेत उरले असते.

आता मुंबईकडे येऊ, कारण जॅझ आपल्या दारातही आली होती. 1935 मध्ये अमेरिकेचा लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात उतरला. तोवर जगभर बँजोची जागा गिटारने घेतली होती. त्यामुळे मुंबईच्या जॅझच्या गोष्टीत बँजो फारसा दिसत नाही, दिसतात गोव्याचे वादक. हळदोण्याचा अंतोनियो शाविएर वाझ ट्रम्पेट वाजवी आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखला जाई. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांनी 1951 च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावर आणला. भगवानदादा नाचत होते, मागे खुद्द चिक चॉकलेट आपल्या वादकांसह वाजवत होता. मराठी संगीतकार, मराठी नायक आणि गोव्याचे वादक यांनी मिळून हिंदी सिनेमाला जॅझची चव दिली. मिकी कोरियाने दोन दशके ताजमध्ये बँड चालवला. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी कित्येक चित्रपटांच्या गाण्यांचे वाद्यवृंद लिहिले. लोकांना मात्र त्यांचे नाव कळले ते 1977 मध्ये, शिष्य प्यारेलाल यांनी ते एका गाण्यात गुंफले म्हणून. तेही गाणे गाजले, माणूस दूरच राहिला.

या वादकांची नावे जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत नव्हती. संगीतकाराचे नाव, फार तर साहाय्यकाचे. व्हायोलिनवर कोण, ट्रम्पेटवर कोण, याला जागा नसे. ती जागा पुढे पुस्तकांनी दिली. ऑकलंडचे संगीत अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना गाठून मुलाखती घेतल्या आणि 2008 मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ लिहिले. त्याआधी 2005 मध्ये त्यांनी लग्नाच्या बँडवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ हे अख्खे पुस्तक लिहिले होते. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ 2012 चे. वरातीत ट्रम्पेट वाजवणाऱ्याची विचारपूस करायला न्यूझीलंडहून माणूस येतो आणि आपल्या विद्यापीठांना बेंजो पार्टीवर प्रबंध सुचत नाही, याची खंत वाटायला हवी.

बेंजोवर सिनेमा निघाला, हे खरे. रवी जाधव यांचा ‘बँजो’ 2016 मध्ये आला, रितेश देशमुखने मुंबईच्या वस्तीतला बेंजोवादक साकारला. त्या निमित्ताने हे वाद्य पोस्टरवर झळकले. पण सिनेमा दोन आठवड्यांत उतरतो आणि बेंजोवाला पुढच्या सुपारीला निघतो.

काही सुशिक्षितांचा बेंजोवर राग असतो. वाद्य कर्कश आहे, त्यात शास्त्र नाही, सिनेमाची गाणीच तर वाजवतात, असे म्हणतात. जॅझबद्दल शंभर वर्षांपूर्वी हेच बोलले जाई. बेंजोवाल्याचे काम जवळून पाहिले तर बोलणारा थांबेल. कागद समोर नसतो. कोळीगीतातून थेट लावणीच्या ठेक्यावर आणि तिथून गणपतीच्या आरतीवर जायचे, मध्ये ताल तुटता कामा नये. नाच रंगला की त्याच ओळीला तीनदा फिरवायचे, प्रत्येक वेळी थोडी वेगळी. मंडळी थकली की खालच्या पट्टीत उतरून त्यांना दम घेऊ द्यायचा. ढोलकीवाल्याने मान हलवली की तोडा घ्यायचा. पाहणाऱ्यांकडे बघत जागच्या जागी रचना करणे, यालाच जॅझमध्ये मोठेपणा मानतात. हे कुठल्या वर्गात शिकवले जात नाही. मोठ्याच्या शेजारी बसून कानाने उचलतात, बोटे सोलवटून उचलतात.

आवाजाची तक्रार मात्र रास्त आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम पार्ट्यांनी पाळलाच पाहिजे, शेजारच्या घरात आजारी माणूस असतो, परीक्षेचे पोर असते. पण नियमाच्या धाकाने जेव्हा एखादे घर बेंजो रद्द करून डीजे आणते, तेव्हा आवाज कमी होत नाही. कमी होतात ती माणसे. बेंजो पार्टीत दहा-बारा जणांच्या घरी पैसे जातात. डीजेत यंत्राच्या मालकाकडे जातात आणि वाजते ते दुसऱ्या कुणीतरी केव्हातरी वाजवून ठेवलेले. हळदीला जिवंत वाद्य हवे की नको, हा प्रश्न या किनाऱ्याच्या पोटापाण्याचाही आहे.

पोटापाण्याचा विषय निघालाच आहे तर हिशेब मांडू. बेंजोवाल्याचा हंगाम लग्नसराई, गणपती, नवरात्र आणि गावच्या जत्रा एवढाच. उरलेले महिने कुणी बोटीवर जातो, कुणी तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामावर, कुणी रिक्षा चालवतो. किम्बॉलच्या टपाल खात्याच्या नोकरीला निवृत्तिवेतन होते. कंत्राटी कामाला नसते. पन्नाशी ओलांडली, बोटे आखडू लागली, रात्रभर जागणे झेपेना, की सुपाऱ्या तरुणांकडे जातात आणि हा माणूस घरी बसतो.

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि 2024 पासून मानधन महिना 5,000 रुपये झाले आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, कलेत आयुष्य घालवलेल्या माणसासाठीच ती आहे. शाहीर, कीर्तनकार, तमाशातले कलावंत, भजनी मंडळी यांना तिचा आधार मिळतो, मिळायलाच हवा. अर्ज करायचा तर कलेच्या सेवेचे पुरावे जोडावे लागतात: वर्तमानपत्रातली कात्रणे, कार्यक्रमांच्या पत्रिका, प्रमाणपत्रे. बेंजोवाला इथेच अडतो. त्याने शेकडो हळदी वाजवल्या, पण एकाही लग्नपत्रिकेवर त्याचे नाव छापलेले नाही. यूट्यूबवर पार्टीच्या चित्रफिती ढीगभर आहेत, त्यांखाली पार्टीचे नाव आहे, गावाचे आहे, बटणांवर फिरणारी बोटेही दिसतात. ती कुणाची, हे लिहिलेले नाही. आयुष्यभराचे काम लोकांसमोर, भर अंगणात केलेले, आणि सरकारी टेबलावर त्याचा एक कागद नाही.

याच पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी 2026 ची पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी गाठलेल्या माणसाचा हा मान साऱ्या जिल्ह्याचा आहे. तारपा हे देवाचे, परंपरेचे वाद्य, म्हणून त्याकडे अभ्यासकांची नजर गेली. बेंजो तरुण आहे, विजेवर चालतो, सिनेमाची गाणी वाजवतो, म्हणून त्याला लोककला म्हणायला अधिकारी बिचकतात. पण शंभर वर्षांहून जुने वाद्य, दोन-तीन पिढ्यांचे वादक, कानाने चालत आलेली शिकवण आणि गावाच्या प्रत्येक मंगलकार्यात हक्काची जागा, एवढे सगळे असताना लोककला व्हायला आणखी काय लागते? न्यू ऑर्लिन्सचा बँजोही एकेकाळी बाजारू नाचाचे वाद्य होता. आज त्याला शहराचा वारसा मानतात.

करायचे ते फार खर्चाचे नाही. सांस्कृतिक कार्य विभागाने मानधन योजनेत बेंजोवादक असा स्पष्ट उल्लेख करावा. छापील पुरावा नसेल तर ग्रामपंचायतीचा दाखला आणि ज्या घरी वाजवले त्या यजमानांची पत्रे ग्राह्य धरावीत. पालघर जिल्हा परिषदेने तालुकावार वादकांची नोंदवही करावी: नाव, गाव, वय, कुणाकडे शिकला, किती वर्षे वाजवतो. बोईसर आणि पालघरच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या मुलांना प्रकल्प हवेच असतात. त्यांनी एकेका म्हाताऱ्या बेंजोवाल्याकडे बसून तासभर बोलणे ध्वनिमुद्रित केले, तरी दोन वर्षांत किनाऱ्याचा मोठा ठेवा हाती लागेल. तो माणूस आज बोलू शकतो. अल्बर्टसनला स्नोडेन जिवंत सापडला होता, हे विसरू नये.

पार्टीच्या मालकांनी फलकावर आपल्या नावाखाली वादकांची नावे रंगवावीत, चित्रफीत चढवताना खाली ती लिहावीत. पुढच्या सुपाऱ्या मिळवायलाही त्याचा उपयोग होईल, कारण चांगला हात कुणाचा आहे ते लोकांना कळेल.

आणि ज्यांच्या घरी येत्या हंगामात हळद आहे, त्यांच्यासाठी एक विनंती. सुपारी देताना बेंजोवर कोण बसणार ते विचारून घ्या आणि पत्रिकेत मामा-काकांच्या नावांखाली एक ओळ छापून घ्या: बेंजोवादन, आणि पुढे त्याचे पूर्ण नाव व गाव. छपाईवाला त्या एका ओळीचे वेगळे पैसे घेत नाही, आणि ती पत्रिका उद्या त्या माणसाच्या मानधनाच्या अर्जाला जोडता येईल.